जुनी ब्रेक-बॅरल एअर रायफल: आठ महिने आणि पाच हजार छर्‍यांनंतर

०.१७७ इंच बोअरची, म्हणजे नळीचा आतला व्यास ४.५ मिलिमीटर असलेली, स्प्रिंगवर चालणारी देशी एअर रायफल. नळी सांध्यावर खाली मोडली की स्प्रिंग ताणली जाते, मग छर्रा भरायचा. वजन ३.२ किलो, शिसवी दस्ता, नेम धरायला उघडी साइट, मागच्या खाचेपासून पुढच्या माशीपर्यंतचं अंतर ४० सेंटिमीटर. जुनी, किमान दोन हातांतून आलेली. फेब्रुवारी ते ऑक्टोबर ती ठाण्यातल्या १० मीटरच्या रेंजवर आठवड्यातून दोन दिवस चालली. दर वेळी साठ-सत्तर छर्रे धरले, तर ५०० च्या दहा डब्या संपल्या.

पहिली रायफल जुनी घ्यावी की नवी, हे नवखे लोक नेहमी विचारतात. या रायफलीवरून सांगायचं तर जुनी घ्यावी, पण चामडं, स्क्रू आणि गंज या तिन्हींकडे स्वतः लक्ष देणार असाल तरच. अशा रायफलीची पोलादी नळी सहसा संपत नाही. संपतो तो आतला छोटा चामड्याचा वायसर, आणि लोक रायफलच बाद झाली म्हणून ती माळ्यावर टाकतात.

आधी कायद्याचं. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतचा बोअर आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. ही रायफल त्या मर्यादेच्या निम्म्याहूनही खाली आहे, आकडे पुढे दिलेत. तरी जुनी घेताना मूळ बिल आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घ्यावी आणि दोन्ही रायफलीच्या कव्हरमध्येच ठेवावी. ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रं बाळगायला मनाई करणारे आदेश अधूनमधून निघतात. ते लागू असताना रायफल घेऊन रिक्षात बसण्यापूर्वी रेंजवर फोन करून विचारलेलं बरं.

आणि एक गोष्ट स्पष्टच लिहायला हवी. एकेकाळी अशी बंदूक घरात यायची ती पाखरांसाठी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो विषय संपला. येऊरच्या बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, खाडीवर फ्लेमिंगो अभयारण्य आहे. तिकडे ही रायफल कव्हरमध्येसुद्धा नेऊ नये. सोसायटीतली कबुतरं किंवा माकडं हाकलण्यासाठीही ती नाही. ८ ज्यूलच्या छर्‍यानं माकड हटत नाही, जखमी होऊन फिरत राहतं. ही रायफल कागदासाठी आहे, आणि कागदावर ती फार सुंदर चालते.

झीज वाचायची कशी

जुनी रायफल हातात घेतली की आधी तिची झीज बघावी. या रायफलीच्या नळीवर तोंडापासून पाच-सहा सेंटिमीटर खाली निळसर मुलामा उडून पोलाद चांदीसारखं उघडं पडलं आहे. म्हणजे आधीच्या मालकांनी ती टोकाला धरूनच मोडली. हे चांगलं लक्षण, कारण टोकाला धरलं की तरफ लांब मिळते आणि सांध्यावर कमी ताण येतो. दस्त्यावर गाल टेकतो तिथे लाकूड गडद, तुळतुळीत झालं आहे. तो डाग रुपयाएवढाच आहे, म्हणजे गाल दर वेळी एकाच जागी आला. पुढच्या पकडीवरची चौकटीची नक्षी मात्र पार पुसली गेली आहे. कुणीतरी पुढचा हात घट्ट आवळायचं, आणि स्प्रिंगच्या रायफलीत नेमका तोच दोष.

दस्त्याच्या मनगटाजवळ, म्हणजे चापामागच्या बारीक भागाजवळ, उभी चीर असेल तर रायफल घेऊ नये, ती पडलेली असते. नळी बंद असताना टोकाला धरून डावी-उजवीकडे हलवून पाहावी. सांध्यात लचक जाणवली तर बिजागरीचा बोल्ट आवळून जाते का ते विकणाऱ्यासमोरच बघावं. आवळूनही लचक राहिली तर भोक झिजलं आहे असं समजावं. शेवटी नळीच्या तोंडाची कड भिंगातून बघावी. तिथला टोचा छर्‍याला बाहेर पडताना एका बाजूला ढकलतो आणि कोणत्याही साइटनं तो दोष भरून निघत नाही.

ताकद गेली म्हणजे काय गेलं

सुरुवातीला क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, ८ ग्रेनच्या, म्हणजे ०.५२ ग्रॅमच्या छर्‍याचा वेग सेकंदाला १५५ मीटर आला. ऊर्जा सुमारे ६.२ ज्यूल. त्याहून वाईट म्हणजे दहा छर्‍यांत कमी-जास्तीचा फरक १४ मीटर होता. १० मीटरवर कमी वेग खपून जातो, पण दर छर्‍याला बदलणारा वेग खपत नाही. छर्रा नळीत किती वेळ राहतो ते बदलतं, तेवढ्यात रायफल किती हलते तेही बदलतं, आणि कागदावर छर्रे वर-खाली पसरतात.

रॉकेलचा स्टोव्ह ज्यांनी वापरला आहे त्यांना हे लगेच कळेल. पंप मारूनही हवा भरत नाही, तेव्हा पंपाचा चामडी वायसर सुकलेला असतो. तो तेलात मुरवला की फुगून पुन्हा नळकांड्याला धरतो. जुन्या एअर रायफलीच्या दट्ट्यावरही तसाच चामडी वायसर असतो. मुरवायची रीत अशी: रायफल न ताणलेली, न भरलेली. दस्त्यावर उभी करायची, नळी वर. नळीच्या तोंडातून सिलिकॉन तेलाचे तीन थेंब सोडायचे आणि रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी नळीतून कोरडी चिंधी ओढायची. दोन दिवसांनी पुन्हा, मग पुन्हा. एकदम दहा थेंब ओतू नयेत.

तेल सिलिकॉनचंच का? दट्ट्या पुढे झेपावला की हवा क्षणात दाबली जाऊन प्रचंड तापते. शिलाई मशीनचं तेल किंवा फवाऱ्याचं गंजतेल तिथे गेलं तर डिझेल इंजिनासारखा भडका उडतो. फटाक्यासारखा आवाज, नळीतून धूर, जळका वास. नवख्याला वाटतं ताकद वाढली. प्रत्यक्षात वायसर जळत असतो आणि स्प्रिंगला उलटा दणका बसत असतो.

तीनदा मुरवल्यावर वेग १७२ वर गेला. उरलेली गळती नळीच्या सांध्यातून होती. ती तपासायला सांध्यावर टिश्यू पेपरची बोटभर पट्टी आडवी ठेवायची आणि रायफल रोजच्यासारखी निशाण्यावर चालवायची. पट्टी उडाली की सांधा गळतो. इथली जुनी चामडी चकती दगडासारखी कडक झाली होती. टाचणीनं ती कोरून काढली, खाचेची खोली व्हर्नियरनं मोजली आणि वागळे इस्टेटमधल्या हायड्रॉलिकचं सामान ठेवणाऱ्या दुकानातून नायट्राइल रबराची ओ-रिंग आणली. ओ-रिंग खाचेच्या कडेपेक्षा ०.२ मिलिमीटर वर राहायला हवी. त्याहून कमी वर राहिली तर गळते, जास्त राहिली तर नळी पूर्ण बंद होत नाही आणि कुलपाची खिट्टी अर्धवट बसते. मग वेग १८१ आला, ऊर्जा ८.५ ज्यूल आणि फरक फक्त ५ मीटर. स्प्रिंगला हातही लावावा लागला नाही.

स्प्रिंग घरी नुसत्या हातानं काढू नये. रायफल ताणलेली नसतानाही ती आत दाबलेलीच असते, आणि मागचा ठोकळा सुटला की पाच-सहा सेंटिमीटर एकदम उसळते. क्लॅम्प लावूनच ती काढायची असते. रायफल ताणून ठेवून गप्पा मारत बसण्याचीही सवय नको. फार वेळ ताणलेली राहिली की स्प्रिंग हळूहळू बसते. रिकामी तर कधीच चालवू नये. समोर छर्‍याचा अडथळा नसला की दट्ट्या थेट पोलादावर आदळतो.

भरताना नळी एका हातानं धरूनच ठेवायची. ताणलेल्या रायफलीचा चाप चुकून दाबला गेला तर उघडी नळी फटकन वर येते. बोट मधे असेल तर तुटतं, नसेल तर नळी वाकते. ही एक सवय पहिल्या दिवसापासून लागायला हवी.

स्क्रू

दस्ता पोलादाला तीन स्क्रूंनी धरलेला असतो: पुढे दोन बाजूंना दोन आणि चापाच्या कड्याजवळ एक. स्प्रिंगचा हिसका दोन्ही दिशांना बसतो, म्हणून ते सुटतातच. पहिल्या महिन्यात दर साठ छर्‍यांनंतर पुढचे दोन्ही स्क्रू पाव आटा ढिले व्हायचे. कालपर्यंत एका नाण्यात बसणारे छर्रे आज अचानक बशीएवढे पसरले, तर साइटला हात लावण्याआधी स्क्रू बघावेत. जांभळी नाक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात दातेरी वायसर मिळाले. ते घालून आट्यांवर निळ्या रंगाच्या, मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा एकेक थेंब लावला. त्यानंतर ५०० छर्‍यांनी एकदा बघितलं तरी चालतं. लाल थ्रेडलॉकर लावू नये, मग तापवल्याशिवाय स्क्रू निघत नाही. स्क्रू ड्रायव्हरचं पातं खाचेत गच्च बसेल इतकं घासून घ्यावं. सैल पात्यानं स्क्रूची डोकी कुरतडली जातात, आणि जुन्या रायफलीला सगळ्यात जास्त कुरूप करते ती हीच गोष्ट.

पकड

या रायफलीनं सगळ्यात जास्त शिकवलं ते इथे. चाप सुटला की दट्ट्या पुढे झेपावतो आणि रायफल मागे सरकते. दट्ट्या नळकांड्याच्या तोंडाशी थांबला की ती पुढे येते. पहिला हिसका बसतो तेव्हा छर्रा अजून नळीतच असतो. म्हणजे नेम कितीही बरोबर असला तरी रायफल त्या क्षणी दर वेळी सारखीच हलली पाहिजे. तिला हलूच द्यायचं नाही म्हणून आवळून धरलं, तर रोजचा जोर वेगळा पडतो, आणि छर्रेही वेगळ्या जागी जातात.

पुढचा हात उघडा ठेवायचा. चापाच्या कड्याच्या जरा पुढे, जिथे रायफल तोलून राहते, तिथे ती नुसती तळव्यावर टेकवायची, बोटं मिटायची नाहीत. खांद्यात दस्ता टेकलेला, दाबलेला नाही. गालाचं वजन हलकं. तळव्याची जागा दर वेळी तीच यावी म्हणून लाकडाच्या खालच्या बाजूला कापडी चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावला, बोटाला न बघता लागतो. बसून, कोपर टेकून मारलेल्या पाच-पाच छर्‍यांचा पसारा आवळलेल्या पकडीत १८ मिलिमीटर आणि उघड्या तळव्यावर ७ मिलिमीटर. रायफल तीच, छर्रे त्याच डबीतले. लाकडी ठोकळ्यावर किंवा गच्च वाळूच्या पिशवीवर थेट टेकवून मारलं तर छर्रे वर उडतात. पिशवी हवीच असेल तर पिशवीवर तळवा आणि तळव्यावर रायफल.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या रायफली कॉम्प्रेस्ड एअरच्या असतात, त्यांना हिसका जवळजवळ नसतो. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत १० मीटरचा जगज्जेता झाला तो तसल्या रायफलीवर. पण बोअर तोच ४.५ मिलिमीटर आणि निशाणाही तोच: दहाचं वर्तुळ अवघं अर्ध्या मिलिमीटरचं, सगळ्यात बाहेरचं ४५.५ मिलिमीटरचं, काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा. स्प्रिंगच्या रायफलीवर ज्यानं चाप सुटल्यानंतरही दोन सेकंद माशीवरची नजर हलवली नाही, त्याला पुढची रायफल सोपी जाते. ही रायफल घाई माफ करत नाही, आणि म्हणूनच ती जिवाभावाची होते.

चाप जड आहे, बॅगा तोलायच्या वजनकाट्यानं २.२ किलो भरला. स्क्रूनं तो १.८ पर्यंत आला, त्याहून खाली आणू नये. आतल्या पायरीला कानस लावणारे लोक आहेत. तसं केलं की नळी बंद करताना रायफल आपोआप सुटायला लागते.

साइट आणि छर्रे

निशाण्यावर एका वर्तुळापासून पुढच्या वर्तुळापर्यंतचं अंतर २.५ मिलिमीटर. साइटमधलं अंतर ४० सेंटिमीटर, निशाणा १० मीटरवर, म्हणजे मागची खाच ०.१ मिलिमीटर सरकली की छर्रा २.५ मिलिमीटर सरकतो. बरोबर एक गुण. या रायफलीच्या मागच्या साइटला बाजूनं तेवढीच लचक होती. पितळी पत्र्याची पातळ पट्टी सरकपट्टीखाली घातली आणि ती गेली. खाच ज्या दिशेला सरकवाल त्याच दिशेला छर्रा जातो, माशी सरकवली तर उलट. काळं वर्तुळ माशीच्या माथ्यावर लिंबासारखं ठेवायचं, मधे पांढर्‍याची केसाएवढी रेघ सोडून. स्पष्ट दिसायला हवी ती माशी. वर्तुळ थोडं धूसरच बरं.

दुर्बीण लावायची घाई नको. साधी दुर्बीण स्प्रिंगच्या दुहेरी हिसक्यानं आतून सुटते, आणि १० मीटरवर तिच्यातून धूसरच दिसतं.

छर्रे सपाट डोक्याचे, ७ ते ८ ग्रेनचे, शिशाचे. कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं आणि गुण वाचताना वाद होत नाही. टोकदार छर्रे दिसायला जोरदार, पण पसारा जवळपास दुप्पट आला. हलके मिश्रधातूचे छर्रे वेग दाखवतात आणि दट्ट्याला आदळायला लावतात. पोलादी गोळ्या अजिबात नकोत, नळीतले आटे खातात आणि उलट्या उडून येतात. स्वस्तातल्या डबीत शंभरात पाच-सात छर्‍यांची मागची झालर चेपलेली निघते. काचेवर घरंगळवले की वाकडे लगेच कळतात. छर्रा बोटानं कडेशी सपाट बसेपर्यंत दाबायचा. शिसं हाताला लागतं, म्हणून रेंजवरून निघताना साबणानं हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नये. डबी मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये. डोळ्यांवर पॉलिकार्बोनेटचा चष्मा नेहमी.

पावसाळा

ठाण्यात जून ते सप्टेंबर ही रायफलीची खरी परीक्षा. फोमच्या पेटीत ठेवलेली रायफल सगळ्यात लवकर गंजते, कारण फोम ओल धरून ठेवतो. सुती कव्हर घालून ती कपाटात उभी ठेवली, खाली ५०० ग्रॅम सिलिका जेल. दाण्यांचा रंग बदलला की मंद आचेवर तापवून परत वापरता येतात, फक्त भांडं स्वयंपाकाचं नको. दर आठ दिवसांनी बाहेर काढून तेलाच्या फडक्यानं पुसायची, आणि पुसल्यावर उघड्या बोटांनी धरायची नाही. घामातल्या मिठाचा ठसा पावसाळ्यात दोन दिवसांत तांबूस होतो. गंज धरायच्या जागा ठरलेल्या: माशीच्या बुडाशी, मागच्या साइटखाली, स्क्रूच्या डोक्यात आणि लाकूड-पोलादाच्या सांध्यावर. शेवटची जागा दस्ता काढल्याशिवाय दिसत नाही, म्हणून जुलैत एकदा दस्ता काढावाच. हलका गंज ०००० नंबरच्या स्टील वूलला तेल लावून, जोर न देता निघतो. नळीतून घरी आल्यावर तेलाची ओलसर चिंधी आणि पुढच्या वेळी मारण्याआधी कोरडी चिंधी, दोन्ही मागच्या बाजूनं पुढे ओढायच्या.

जुलैच्या मध्यात छर्रे आठ मिलिमीटर खाली-डावीकडे जायला लागले. साइट हललेली नव्हती. शिसव ओलीनं फुगलं होतं आणि स्क्रूंचा ताण बदलला होता. स्क्रू सोडून पुन्हा सारखे आवळले आणि छर्रे जागेवर आले. त्यानंतर दस्त्याला आतून-बाहेरून जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात दिले, प्रत्येकात तीन दिवसांचं अंतर. तेलाची फडकी गोळा करून डब्यात टाकू नयेत. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. दोरीवर पसरून वाळवावीत.

घरचा सराव

फ्लॅटमध्ये छर्रा चालवू नये. समोरासमोर खिडक्या, पातळ दारं आणि मधल्या पॅसेजमधून येणारी माणसं, काहीच आपल्या हातात राहत नाही. पण नेम घरी पक्का होतो. पाच मीटरवर भिंतीला १५ मिलिमीटरचा काळा ठिपका चिकटवायचा, १० मीटरवरच्या काळ्या भागाच्या जवळजवळ निम्मा. न ताणलेली, न भरलेली रायफल उचलून वीस सेकंद माशी धरायची, खाली ठेवायची, असं पंधरा वेळा. चाप दाबायचा नाही. पडदे ओढून घ्यावेत. शेजाऱ्यांना खिडकीतून बंदूक दिसणं बरं नाही.

खंडेनवमीला अनेक घरांत हत्यारांबरोबर रायफलही पूजेला ठेवतात, ही रायफलही होती. हळदकुंकू दस्त्याच्या लाकडावर लावावं, पोलादावर नाही. फुलांचं पाणी आणि ओलं कुंकू रात्रभर नळीवर राहिलं की सकाळी तिथे उठणारा डाग स्टील वूलनंही पूर्ण जात नाही. खाली कोरडं फडकं, अक्षता आणि झेंडू दस्त्यापाशी, आणि आरती झाली की त्याच संध्याकाळी तेलाचा हात. या वेळी पुसताना नळी मोडून पाहिली, तर ताणताना अर्ध्यात बारीक कुरकुर ऐकू आली. वेग अजून १७८ च्या खाली गेलेला नाही, पण स्प्रिंगच्या मधल्या वेढ्यांचं ग्रीस सुकलं आहे. दिवाळीनंतर क्लॅम्प लावून ती बाहेर काढायची आहे. मधे वेढा तुटलेला निघाला तर नवी स्प्रिंग, नाहीतर मोलिब्डेनमचं ग्रीस लावून तीच परत.